निन्टेंडो, डब्यात काय आहे ते तुम्हीच सांगा ना! (खुले पत्र)

प्रति,
निन्टेंडोचं मॅनेजमेंट आणि स्विचची हार्डवेअर टीम

नमस्कार,

स्विच २ हा तुमचा गेमिंग कन्सोल, टीव्हीला लावूनही खेळता येतो आणि हातात घेऊनही. त्याच्या अधिकृत स्पेक्सच्या पानावर जवळपास सगळं दिलंय. स्क्रीन ७.९ इंच, बॅटरी ५२२० एमएएच, स्टोरेज २५६ जीबी, चार्ज व्हायला किती तास लागतात, वजन किती, लांबी रुंदी जाडी किती. आणि प्रोसेसरच्या रकान्यात काय, तर एन्व्हिडियाने बनवलेला कस्टम प्रोसेसर. संपलं. कोअर (चिपमधले हिशोब करणारे भाग) किती ते नाही, क्लॉक (चिपचा वेग) किती ते नाही, रॅमचा तर रकानाच नाही. ज्या गोष्टीवरून जगभरातले गेमर वर्षानुवर्षं एकमेकांशी भांडतायत नेमकी तीच गोष्ट तुम्ही सांगत नाही, म्हणून हे पत्र. स्पेक्स वाढवा असं माझं म्हणणं नाहीच. जे आहे ते तुमच्या तोंडून सांगा, एवढंच मागतोय.

तुम्ही म्हणाल गरज काय, आमचा कन्सोल तर विकला जातोय. जातोयच, जून २०२५ मध्ये पहिल्या ४ दिवसांत ३५ लाखांच्या वर गेला आणि त्यातल्या बहुतेकांनी आत कुठली चिप आहे हे विचारलंही नसणार, आणि त्यांना विचारायची गरजही नाही. पण जे विचारतात ते पण तुमचेच लोक आहेत हो. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एकजण असतोच ज्याला बाकीचे सगळे विचारतात की अरे हा घेऊ का, जुना ठेवू का, हा गेम त्याच्यावर नीट चालेल का, आणि त्याला उत्तर द्यायला कुठे जावं लागतं तर लीक आणि अफवांकडे, कारण तुमच्याकडे उत्तरच नाही.

हे आजचं नाही. गेमक्यूब या तुमच्या जुन्या कन्सोलच्या काळात तुम्ही सांगायचात, प्रोसेसर ४८५ मेगाहर्ट्झ, ग्राफिक्स चिप १६२ मेगाहर्ट्झ, सगळं छापील असायचं. मग २००६ साली वी आला आणि तुम्ही तोंड मिटून घेतलंत. वी यू आला २०१२ मध्ये, तेव्हा सीपीयू (मुख्य प्रोसेसर) १.२४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि जीपीयू (ग्राफिक्स चिप) ५५० मेगाहर्ट्झवर हे आम्हाला एका हॅकरकडून कळलं, तुमच्याकडून नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे तुमचं धोरण तेव्हापासूनचं, आणि त्यामागचं कारण मला समजतं. आकड्यांच्या शर्यतीत सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या मागे धावायचं नाही हे तुम्ही ठरवलंत आणि ते बरोबरच ठरवलंत. १९८९ चा गेम बॉय ४ पेन्सिल सेलवर चालायचा आणि सेगाच्या रंगीत गेम गिअरला ६ सेल लागायचे आणि तेही काही तासांत संपायचे, कोण जिंकलं ते सगळ्यांना माहिती आहे. कमी ताकदीच्या हार्डवेअरमधून जास्त मजा काढणं ही तुमची खरी ताकद आहे आणि मला ती मनापासून आवडते. पण शर्यतीत न उतरणं वेगळं आणि गप्प बसणं वेगळं. हे दोन्ही एकच आहे असं तुम्ही का धरून चाललाय तेच मला कळत नाही.

गप्प बसल्यावर काय होतं ते पहिल्या स्विचच्या वेळी दिसलंच. ऑक्टोबर २०१६ मध्ये तुम्ही व्हिडिओ दाखवला आणि त्याच दिवशी एन्व्हिडियाने लिहिलं की यात कस्टम टेग्रा प्रोसेसर आहे आणि त्याचं आर्किटेक्चर (चिपची आतली रचना) जगातल्या सगळ्यात भारी जीफोर्स ग्राफिक्स कार्डांचंच आहे. आता त्या वर्षी सगळ्यात भारी जीफोर्स म्हणजे पास्कल या आर्किटेक्चरची कार्डं, त्यामुळे लोकांनी गृहीत धरलं की आत पास्कल आहे. त्यात टेग्रा एक्स१ च्या घोषणेत एन्व्हिडियाने २०१५ च्या सुरुवातीला एक टेराफ्लॉपचा (सेकंदाला एक लाख कोटी हिशोबांचा) आकडा दिला होता, तो हाफ प्रिसिजनचा, म्हणजे कमी अचूकतेच्या हिशोबांचा होता, पण एवढं बारीक कोण वाचतं, एक टेराफ्लॉप डोक्यात बसला तो बसलाच. मग डिसेंबरमध्ये युरोगेमर या गेमिंग वेबसाइटने खरे क्लॉक छापले. टीव्हीला लावल्यावर जीपीयू ७६८ मेगाहर्ट्झ आणि हातात घेतल्यावर ३०७.२. आर्किटेक्चर जुनं मॅक्सवेल, कोअर २५६. हिशोब करा, २५६ गुणिले २ (प्रत्येक कोअर एका ठोक्याला २ हिशोब करतो) गुणिले ७६८, म्हणजे साधारण ३९३ गिगाफ्लॉप (०.३९ टेराफ्लॉप), आणि हातात त्याच्या निम्म्याहून कमी. सोनीच्या त्यावेळच्या पीएस४ ला १.८४ टेराफ्लॉप होते. झालं, गेमर पेटले. वी यू पार्ट टू (तो फारसा विकला गेला नव्हता), मोबाईलची चिप, मेला हा कन्सोल जन्मायच्या आधीच, असं काय काय लिहिलं गेलं आणि लिहिणारे काही सगळे तुमचे दुश्मन नव्हते, बरेचसे लहानपणापासूनचे चाहते होते ज्यांना आपली फसवणूक झाली असं वाटलं. फसवलं कोणीच नव्हतं. पण रिकाम्या जागेत लोकांनी स्वतःच्या अपेक्षा भरल्या होत्या आणि त्या फुटल्या.

पुढे तोच कन्सोल १५ कोटींच्या वर विकला गेला, म्हणजे त्या आकड्यांमध्ये लपवण्यासारखं काही नव्हतंच. हेच मला सगळ्यात जास्त लागतं. ४ जीबी रॅम आणि ३०७ मेगाहर्ट्झमध्ये तुमच्या लोकांनी आणि बाहेरच्या स्टुडिओंनी जे करून दाखवलं, २०१९ मध्ये विचर ३ सारखा भलामोठा गेम त्या एवढ्याशा मशीनवर उतरवला, ते आकडे तर अभिमानाने सांगायचे असतात राव!

त्यानंतर २०२१. नवीन स्विच येतोय, फोर के येणार, नवीन चिप येणार, अशा बातम्या मार्चपासून चालू होत्या. जुलैमध्ये तुम्ही ओलेड मॉडेल जाहीर केलं, सुंदर स्क्रीन, चांगला स्टँड, ६४ जीबी, आणि आत तीच जुनी चिप. मॉडेल चांगलंच होतं पण महिनोन्‌महिने वाट बघितलेल्या माणसाला त्यात फक्त नसलेली चिप दिसली. एक साधं वाक्य आधी आलं असतं की या वर्षी नवीन चिप येणार नाही, तर त्या स्क्रीनचं कौतुक तरी नीट झालं असतं.

आणि आता स्विच २. याच्यात तर कमाल झाली, कारण २०२२ च्या सुरुवातीला एन्व्हिडियावर सायबर हल्ला झाला आणि चोरीच्या डेटामध्ये टी२३९ नावाची चिप आणि १५३६ कोअर हे सगळं बाहेर पडलं. म्हणजे तुम्ही जाहीर करायच्या तीन वर्षं आधीपासून आत काय आहे याचा अर्धा अंदाज सगळ्यांकडे होता आणि उरलेल्या अर्ध्यावर भांडणं चालू होती. चिप सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरवर आहे की तैवानच्या टीएसएमसीच्या ४ वर (आकडा जेवढा छोटा तेवढी चिप नवी आणि कमी वीज खाणारी), एवढ्या एका गोष्टीवर लोकांनी किती वर्षं वाद घातलाय याची तुम्हाला कल्पना नसेल. लोक वॉट मोजत होते, डायचा (आतल्या चिपच्या तुकड्याचा) आकार ताडत होते, ज्याला ८ वाटायचं तो द्वेष्टा आणि ज्याला ४ वाटायचं तो अंधभक्त. शेवटी चिपचे उघडे फोटो आले, ८ निघाली आणि मे २०२५ मध्ये डिजिटल फाउंड्री या हार्डवेअर तपासणाऱ्या टीमने बाकीचे आकडे पक्के केले. टीव्हीला लावल्यावर जीपीयू १००७ मेगाहर्ट्झ, हातात ५६१. मेमरी १२ जीबी, त्यातले ३ सिस्टीमला आणि ९ गेमला. सीपीयूचे ८ कोअर, त्यातले ६ गेमला. टेराफ्लॉपमध्ये म्हटलं तर डॉकमध्ये (म्हणजे टीव्हीला लावल्यावर) साधारण ३.१ आणि हातात १.७.

मग परत तेच. एकीकडे २०२५ मध्ये ८ नॅनोमीटर म्हणजे थट्टा आहे म्हणणारे, दुसरीकडे खिशातला पीएस४ म्हणून नाचणारे, आणि मध्ये बिचारे ते ज्यांना खरंच समजून घ्यायचं होतं की हा क्लॉक एवढा कमी का ठेवलाय.

तर त्याचं उत्तर मी माझ्या परीने देतो, आणि हे उत्तर तुम्ही द्यायला हवं होतं असं मला वाटतं. ५२२० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण २० वॉट-अवर, म्हणजे २० वॉट एक तास पुरतील एवढी वीज. तुम्हीच सांगितलंय की बॅटरी २ ते ६.५ तास चालेल. जड गेम घेतला आणि २ तास धरले तर पूर्ण मशीनला सरासरी १० वॉट मिळतात. त्या १० वॉटमध्ये १०८०पीची ७.९ इंची स्क्रीन, तिचा बॅकलाइट, वायफाय, स्पीकर, पंखा, मेमरी, आणि जे उरेल त्यात सीपीयू आणि १५३६ कोअरचा जीपीयू. पीएस५ गेम खेळताना भिंतीतून २०० वॉटच्या आसपास ओढतो. एकदा हा हिशोब मांडला की ५६१ मेगाहर्ट्झ हा आकडा कंजूषपणा वाटत नाही, उलट एवढ्यात हे बसवलं कसं असं वाटायला लागतं. जास्त कोअर घेऊन ते कमी क्लॉकवर चालवले की त्याच वॉटमध्ये जास्त काम निघतं, म्हणून रुंद आणि हळू अशी चिप निवडली. दहा ओळींचं स्पष्टीकरण आहे हे. दहा ओळी! तेवढ्या तुमच्या पानावर असत्या तर अर्धी भांडणं झालीच नसती.

सीपीयूचंच बघा. तो डॉकमध्ये ९९८ मेगाहर्ट्झवर चालतो आणि हातात घेतल्यावर ११०१ वर. म्हणजे बॅटरीवर असताना जास्त! वाचणाऱ्याला पहिल्यांदा टायपोच वाटतो. यामागे तुमच्या इंजिनिअरांचं नक्की काहीतरी गणित असणार, मेमरीची स्पीड हातात कमी असते त्याच्याशी जोडून लोकांनी तर्क लढवले, पण ते तर्कच. ज्यांनी हा निर्णय घेतला ती माणसं तुमच्याच बिल्डिंगमध्ये बसतात.

मेमरीची स्पीड निघालीच आहे तर त्यावर जरा थांबतो, कारण माझ्या मते या सगळ्या भानगडीत सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे आणि त्याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. डॉकमध्ये सेकंदाला १०२ जीबी, हातात ६८. स्टीम डेक या हातातल्या गेमिंग पीसीच्या पहिल्या, एलसीडी मॉडेलला ८८ होता. २०१३ च्या पीएस४ ला १७६ होता. आता नवीन जीपीयू डेटा जास्त चांगला दाबून वापरतो, डीएलएसएस या एन्व्हिडियाच्या एआय तंत्रामुळे कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून मोठं करता येतं, म्हणून नुसते हे आकडे शेजारी ठेवून कोण मोठा कोण छोटा ठरवता येत नाही हे खरं. पण एखादा गेम टीव्हीवर ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) आणि हातात ३० का, गवत का कमी झालं, सावल्या का पुसट झाल्या, याचं उत्तर बरेचदा त्या ६८ मध्ये सापडू शकतं.

आणि हे उत्तर माहीत नसल्यामुळे शिव्या कोणाला बसतात? डेव्हलपरांना. आळशी डेव्हलपर हे शब्द मी इतक्या वेळा वाचलेत की आता वाचवत नाहीत. एखाद्या छोट्या स्टुडिओतली चार माणसं रात्र रात्र बसून गेम त्या ९ जीबी आणि ६८ जीबी पर सेकंदमध्ये बसवतात, आणि लोक येऊन लिहितात की ऑप्टिमाइझच केलेला नाही, पैसे खाऊन झोपलेत. आणि ती माणसं उलट बोलूही शकत नाहीत कारण त्यांनी तुमच्या गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असते! तुमच्या मशीनची मर्यादा त्यांना माहिती आहे, लीक वाचणाऱ्यालाही माहिती आहे, पण ती मोठ्याने बोलायची परवानगी फक्त त्यांना नाही. निदान त्यांच्यासाठी तरी हे आकडे उघड करा. आमची उत्सुकता नंतर.

गोष्टी नीट सांगितल्या की काय होतं याचं उदाहरण पण तुमच्याकडेच आहे. जुनी मायक्रोएसडी कार्डं गेमसाठी चालणार नाहीत, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागेल, हे तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलंत. कुरकुर झाली, व्हायचीच, लोकांकडे मोठमोठी कार्डं पडून होती. पण कारण समजण्यासारखं होतं, जुनी कार्डं सेकंदाला १०० एमबीच्या आसपास अडकतात आणि आतलं यूएफएस स्टोरेज त्याच्या कितीतरी पट पुढे आहे, गेम आत एका स्पीडने आणि कार्डवर भलत्याच स्पीडने चालला तर कसं व्हायचं. लोकांनी वाचलं आणि जो तो आपापला निर्णय घेऊन मोकळा झाला. त्याच्यावर तीन वर्षं युद्ध नाही झालं.

याच्या उलट व्हीआरआरचं, म्हणजे गेमच्या फ्रेमप्रमाणे स्क्रीनचा वेग बदलण्याच्या सोयीचं झालं. आधी तुमच्या वेबसाइटवर असं लिहिलं होतं की टीव्हीवर पण व्हीआरआर चालेल, मग ती ओळ गायब झाली, लोकांनी दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी लावले आणि मग तुम्ही सांगितलंत की ते फक्त हँडहेल्ड मोडमध्ये आहे, आधीची माहिती चुकीची होती, माफ करा. माफी मागितलीत हे चांगलंच केलंत. पण त्याच्यामुळे कळलं की तुमच्याकडे ही माहिती लोकांपर्यंत पोचवायची नीट व्यवस्थाच नाहीये.

स्क्रीनचं पण तसंच. १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकणं) हा आकडा तुम्ही अभिमानाने छापला आणि तो छापायलाच हवा, कारण त्याचा खरा फायदा फार कमी लोकांना कळलाय. १२० ला ३ ने भागलं की ४० येतात, म्हणजे जो गेम ६० ला पोचत नाही तो ३० वर अडकून न पडता ४० वर चालवता येतो. एक फ्रेम ३० ला ३३.३ मिलिसेकंद, ६० ला १६.७, आणि ४० ला बरोबर २५, म्हणजे अगदी मधोमध. सायबरपंक २०७७ मध्ये हेच केलंय आणि हातात घेऊन बघितलं की फरक डोळ्यांना दिसतो. पण त्याच स्क्रीनचा रिस्पॉन्स टाइम ज्यांनी मोजला त्यांना तो ३० मिलिसेकंदच्या वर मिळाला, म्हणजे ६० एफपीएसची पुढची फ्रेम येऊन गेली तरी आधीच्या फ्रेमचे पिक्सेल बदलतच असतात. कॅमेरा पटकन फिरवला की कडा पुसल्यासारख्या होतात त्या त्यामुळे. आता एलसीडी का घेतला, किंमत म्हणून की व्हीआरआर म्हणून की अजून काही, हे सांगितलं असतं तर ज्याला ओलेडची सवय झालीय त्याने शांतपणे ठरवलं असतं.

जॉयकॉनबद्दल, म्हणजे कडेच्या सुट्या कंट्रोलरबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. पहिल्या स्विचच्या स्टिक हात न लावताच सरकवल्यासारख्या वागायच्या, २०२० मध्ये तुमच्या अध्यक्षांनी शेअरहोल्डरांसमोर त्याबद्दल माफी मागितली, युरोपातल्या ग्राहक संघटनेने तक्रार दाखल केली, इतकं सगळं होऊन गेलेलं. मग जॉयकॉन २ आले तेव्हा लोकांचा पहिला प्रश्न हाच असणार होता की यात हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणारी, न घासणारी स्टिक) आहे का. उत्तर आलं की स्टिक पूर्ण नव्याने डिझाइन केलीय, आणि नंतर एका मुलाखतीत कळलं की हॉल इफेक्ट नाहीये. आयफिक्सिट या दुरुस्तीच्या वेबसाइटने उघडून बघितलं तर आत पोटेन्शियोमीटरच, म्हणजे घासून झिजणारा प्रकार. कदाचित नवीन मटेरियल जास्त टिकाऊ असेल, मी नाही म्हणत नाही, पण मग ते कशाचं आहे, किती लाख फेऱ्यांची टेस्ट केली, हे सांगा ना. चिपचा क्लॉक न सांगणं एक वेळ समजू शकतो, पण जो पार्ट आधी खराब झालाय आणि ज्याच्यासाठी लोकांनी कंट्रोलर दुरुस्तीला पाठवलेत त्याच्याबद्दल मोघम बोलायचं हे पटत नाही. बॅटरी पण गोंदाने चिकटवलीय आणि आयफिक्सिटने दुरुस्तीला १० पैकी ३ दिलेत, ते वेगळंच.

सोनीने मार्च २०२० मध्ये पीएस५ च्या आर्किटेक्टला समोर बसवून जवळपास तासभर एसएसडी आणि क्लॉकबद्दल बोलायला लावलं होतं. बऱ्याच लोकांना ते क्लासरूमसारखं वाटलं, कंटाळा आला, पण २.२३ गिगाहर्ट्झ हा आकडा आणि तो कधी खाली येतो आणि का, हे त्यांनी स्वतः सांगितलं. तुमच्याकडे तर याच्याहून चांगली सोय आहे. स्विच २ च्या वेळी तुमच्या डेव्हलपरांच्या मुलाखती छापल्या होत्या त्या मी अक्षरन्‌अक्षर वाचल्या, मॅग्नेटने जॉयकॉन कसे चिकटवायचे यावर किती डोकं लावलं ते वाचताना मस्त वाटलं. तीच माणसं, तोच सूर, फक्त एक भाग चिपवर करा. आकडे टाका आणि का ते सांगा.

आणि एक शेवटची गोष्ट, ही आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. २०१९ मध्ये पहिल्या स्विचची चिप गुपचूप छोट्या प्रोसेसवर गेली आणि बॅटरी २.५ ते ६.५ तासांवरून ४.५ ते ९ तासांवर गेली, तेवढ्याच किमतीत. केवढी मोठी सुधारणा! बॅटरीचे नवे तास तुम्ही वेबसाइटवर टाकले पण कन्सोलचं नाव तेच, त्यामुळे लोक दुकानात उभं राहून डब्याखालचा सीरियल नंबर एक्सएडब्ल्यूने सुरू होतो की एक्सकेडब्ल्यूने ते बघत होते, आणि ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांनी जुना उचलला. स्विच २ ची चिप ८ नॅनोमीटरवर आहे म्हणजे कधी ना कधी ती पण छोटी करायला जागा आहे. ती कराल त्या दिवशी डब्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा की ही नवीन आवृत्ती आहे, बॅटरी एवढे तास चालेल, क्लॉक तेच आहेत किंवा बदललेत. सीरियल नंबर शोधायला लावू नका.

तुमच्या गेमवर आणि मशीनवर मनापासून प्रेम करणारा,
एक गेमर